पाहुणीच्या खोलीतला टेबलफॅन

मित्रांनो, मी एक जुना टेबलफॅन आहे. पाटस गावात महेंद्र आणि राजश्री यांच्या घराच्या गच्चीवर पत्र्याची एक खोली आहे. त्या खोलीतल्या खिडकीजवळच्या टेबलावर मी राहतो. माझी जाळी एका बाजूनं चेपलेली आहे आणि मान फिरत नाही. आधी मात्र मी भिंतीपासून खिडकीपर्यंत सगळ्यांना वारा घालत असे, आणि वारा घालता घालता सगळ्यांचं ऐकतही असे. जे ऐकलं त्यातलंच आज तुम्हाला सांगतो.

माझा जन्म उत्तरेकडच्या एका कारखान्यातला. पोटात तांब्याची तार गुंडाळली, तीन निळी पाती बसवली आणि खोक्यात घालून मला पाठवून दिलं. वीस वर्षांपूर्वी महेंद्रनं मला दौंडच्या बाजारातून एसटीनं, मांडीवर धरून आणलं. घरात सहा महिन्यांचा सम्राट घामोळ्यांनी हैराण होऊन रडत होता. मी सुरू झालो आणि तो रडायचा थांबला. राजश्री म्हणाली, "ह्यो तर पाळण्यापरीस गुणाचा निघाला." ही माझी पहिली शाबासकी.

सम्राट माझ्यासमोर वाढला. तोंड जाळीला लावून 'आऽऽ' करायचा आणि आवाज थरथरला की हसायचा. मग घरात छताचे पंखे आले, पुढं कूलर आला. मला कोणी फेकलं नाही. पण माळ्यावर टाकलं. तिथं सात वर्षं गेली. उंदरानं वायर कुरतडली, तेही कोणाला कळलं नाही.

मला खाली आणलं ते म्हाळूआबांनी. आबा म्हणजे महेंद्रचे वडील. सारी नोकरी दौंड स्टेशनापलीकडच्या रुळांवर गँगमन म्हणून झालेली, त्यामुळं एका जागी बसणं त्यांना ठाऊकच नाही. त्यांनी मला पुसलं, वायर बदलली, तेलाचे चार थेंब सोडले आणि पत्र्याच्या खोलीत आणून ठेवलं. "पाहुनी येनार हाय थंड मुलखातली. पत्र्याखाली पार उकडून निघंल," ते म्हणाले.

ही पाहुणी कोण, ते सांगतो. सम्राट दौंडच्या एका कॉलेजात साखर बनवण्याचं शास्त्र शिकत होता. आपल्याकडं उसाची साखर करतात, तर पोलंड देशात बिटाची. तिथल्या एका कॉलेजानं आणि इथल्या कॉलेजानं मिळून ठरवलं होतं, की दर वर्षी इकडचा एक विद्यार्थी तिकडं जाईल, तिकडचा इकडं येईल, आणि दहा महिने दोघं एकमेकांच्या घरीच राहतील. त्या वर्षी सम्राटचा नंबर लागला. ऑगस्टमध्ये तो गेला. चौथ्या दिवशी त्याच्या या पत्र्याच्या खोलीत, त्याच्याच पलंगावर झोपायला, पोलंडची मुलगी आली. सम्राट तिकडं तिच्या पलंगावर झोपू लागला.

"नाव काय म्हनं?" आबांनी विचारलं.

"ओला," ती म्हणाली. पुण्यात दीड महिना मराठी शिकून ती आली होती.

"ओला तर टावेल असतो. पोरीची जात, ओली म्हना."

राजश्रीनं आबांकडं डोळे वटारले. पण मुलीला अर्थ समजला आणि ती हसली. त्या दिवसापासून आबांसाठी ती ओलीच झाली.

मित्रांनो, पहिल्या दोन महिन्यांत या घरात कोणालाच चैन नव्हतं. ओलाला उकडायचं. डास चावायचे. ती माझ्यासमोर उभी राहून केस वाळवायची, मग पलंगापासून खिडकीपर्यंत फेऱ्या मारायची. सात पावलं जायचं, सात पावलं यायचं. मग चप्पल घालून हायवेकडं चालत सुटायची. राजश्री जिन्यात वाट बघत असायची.

"सहाच्या आत घरात यायचं, ओला."

"मावशी, मी वीस वर्षांची आहे."

"असशील. पन माझ्या घरात हायस तवर माझी जबाबदारी हायस."

ओला दार जरा जोरात लावायची.

आणि राजश्रीला चैन नव्हतं ते सम्राटपायी. घरात मोबाईलची रेंज फक्त या खोलीत, खिडकीपाशी येते. ओला कॉलेजला गेली की राजश्री वर यायची आणि मुलाला फोन लावायची. जेवलास का, काय जेवलास, ती बाई वाढते का तुझं तू घ्यायचं? सम्राट सांगायचा, "मम्मी, इथं वाढत नाहीत. समोर ठेवतात, आपण घ्यायचं." राजश्रीला ते पटायचं नाही. मग त्या दिवशी ओलाच्या ताटात जास्तीची चपाती पडायची. आपण हिला पोटभर घातलं की तिकडं आपल्या पोराच्या ताटात पडेल, असा काहीसा तिचा हिशेब असावा.

या अस्वस्थ घरात रोज दुपारी चारला मात्र एक आनंदाची वेळ यायची. ओला कॉलेजातून येऊन तिच्या आजोबांना फोन लावायची. त्यांना ती 'जादेक' म्हणायची. त्यांच्या भाषेत आजोबा. आईवडील कामावर असायचे, त्यामुळं लहानपणापासून तिला जादेकनीच वाढवलं होतं. जादेक आयुष्यभर बिटाची शेती केलेले, तोंडानं थोडे आणि हातानं जास्त बोलणारे. एकदा आबा चहा घेऊन वर आले आणि फोनसमोर सापडले. आबांनी हात जोडून 'जय भीम' म्हटलं. पलीकडच्या म्हाताऱ्यानं डोक्यावरची टोपी उचलली.

दुसऱ्या दिवशी जादेकनी नारळाएवढं मातकट बीट फोनसमोर धरलं. आबा म्हणाले, "थांब." खाली गेले आणि उसाचं कांडं घेऊन आले. दोघांनी एकमेकांचा माल नीट पाहून घेतला. आबांनी ऊस दातानं सोलून दाखवला. जादेकनी स्वतःच्या तोंडाकडं बोट करून दाखवलं की इथं दातच नाहीत. ओला हसून हसून पलंगावर पडली. त्या दिवसापासून आबा चार वाजायच्या आधीच वर येऊन बसू लागले.

नोव्हेंबर आला. कारखान्याचा गळीत हंगाम सुरू झाला, उसाच्या ट्रॅक्टरांची रांग रस्त्यावर लागली, चिमणीची काजळी वाळत घातलेल्या कपड्यांवर आणि माझ्या पात्यांवर बसू लागली. महेंद्र कारखान्याच्या लॅबमध्ये कामाला आहे; तो ओलाला मोटारसायकलवरून प्रॅक्टिकलला न्यायचा. तिला काम आवडू लागलं होतं.

अशाच एका दिवशी, ओला कॉलेजात असताना, राजश्रीनं नेहमीसारखा फोन लावला. सम्राटचा चेहरा पाहूनच तिनं मला बंद केलं, आवाज नीट ऐकू यावा म्हणून.

"मम्मी, ओलाचे आजोबा पडले," सम्राट म्हणाला. "काल. अंगणात. घरात मी एकटाच होतो. त्यांची उजवी बाजू गेली. मीच ॲम्ब्युलन्स बोलावली."

"शुद्धीवर हायत का?"

"डोळे उघडतात. बोलत नाहीत. डॉक्टर म्हणतात, महिना काढतील, नाहीतर चार दिवस. मम्मी, ओलाच्या आईनं सांगितलंय की तिला कळू द्यायचं नाही. तिची परीक्षा आहे. कळलं तर ती सगळं टाकून येईल, वर्ष जाईल. मी शब्द दिलाय. तूपण सांगू नको."

राजश्री म्हणाली, "बरं. परीक्षा होऊ दे. न्हाई सांगत."

त्या दिवशी चार वाजता ओलाचा फोन कोणी उचलला नाही. मग आईचा निरोप आला, की जादेकचा फोन बिघडलाय आणि गुडघ्याच्या इलाजासाठी ते दुसऱ्या गावी गेलेत. ओलानं तो निरोप दोनदा वाचला. मग तिच्या फेऱ्या सुरू झाल्या, सात पावलं इकडं, सात तिकडं. मी मान वळवून तिच्याबरोबर जात येत होतो. मला सगळं माहीत होतं, पण मला वाऱ्याशिवाय काही देता येत नाही.

राजश्री आता तिच्याशी फार प्रेमानं वागू लागली. सहाचा नियम सुटला. डोक्याला तेल लावून देऊ लागली. एका मंगळवारी तर तिनं पुरणपोळ्या केल्या, आणि तूप घालून ताट वर घेऊन आली.

"मावशी, आज सण आहे?" ओलानं विचारलं.

"न्हाई गं. अशाच केल्या."

ओलानं तीन पोळ्या खाल्ल्या. बोटं चाटली. राजश्री खिडकीतून बाहेर बघत उभी होती.

दिवस जाऊ लागले तशी आबांची चुळबूळ वाढली. चार वाजता ते वर येत, पलंगाच्या कडेवर बसत, आणि विचारत, "टोपीवाला कवा याचा?" एके सकाळी ओला पेपर द्यायला गेलेली असताना राजश्री खोली झाडायला आली, तर आबा तिथंच बसलेले.

"सूनबाई, खरं सांग. त्यो गेला का?"

राजश्री झाडू टेकवून खाली बसली. तिनं सगळं सांगितलं.

आबांनी ऐकून घेतलं. मग विचारलं, "उद्या मी असाच पडलो, तर सम्राटला काय सांगशील? फोन बिघडलाय म्हनून?"

"आबा, असं नका बोलू."

"का? मी इचारतोय, तू उत्तर दे."

राजश्री उठली, अर्धी खोली झाडली, आणि अर्धी तशीच ठेवून खाली गेली.

मग ती महेंद्रला घेऊन वर आली, कारण खाली शेजारीण बसली होती. महेंद्रचं म्हणणं वेगळं होतं. "आपन शब्द दिलाय. पोरगी त्यांची, घर त्यांचं. दोनच पेपर ऱ्हायल्यात. आठ दिवस दम काढ."

"अवं, त्या म्हाताऱ्याकडं आठ दिवस हायत का?"

"ते आपल्याला कुठं ठाऊक हाय?"

"मंग ते ठरवनारं आपन कोन?" राजश्री म्हणाली.

दुसऱ्या दिवशी पेपर नव्हता. ओला टेबलाशी अभ्यास करत होती, सकाळचे अकरा वाजले असतील. राजश्री आली आणि पलंगावर बसली. तिनं काही सजवून सांगितलं नाही.

"ओला, तुझे जादेक दवाखान्यात हायत. त्यांना लकवा झालाय. बोलता येत न्हाई. जगतील का न्हाई, सांगता येत न्हाई."

ओलानं पेन खाली ठेवलं. "कधीपासून?"

"एकवीस दिवस झाले."

"सम्राटला माहीत होतं?"

"व्हय. त्यानंच दवाखान्यात नेलं."

"आणि तुम्हाला?"

"मलाबी."

ओला ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. ती उठली आणि पलंगाखालची बॅग ओढू लागली. बॅगेच्या पट्ट्यात माझी वायर अडकली होती, ते तिनं पाहिलं नाही. जोराचा हिसका बसला आणि मी टेबलावरून फरशीवर तोंडावर आपटलो. जाळी चेपली. मानेतला गिअर कडकन तुटला. कोणीही मला उचललं नाही, आणि त्या वेळी मलाही तसं वाटलं नाही की उचलावं.

"तुम्ही मला पोळी खायला घातली," ओला म्हणाली. तिचं मराठी त्या दिवशी कुठं अडखळलं नाही. "मी विचारलं, सण आहे का. तुम्ही म्हणालात, नाही."

राजश्री मान खाली घालून बसली होती. "चुकलं माझं," एवढंच ती म्हणाली.

ओलानं तिच्या आईला फोन लावला. ती भाषा मला येत नाही. पण आई रडत होती एवढं कळलं. मग तिनं सम्राटला फोन लावला आणि एकच विचारलं, "ते मला ओळखतील?"

"ओळखतील," सम्राट म्हणाला. "मी रोज जातो. तुझा फोटो दाखवला की डावा हात वर करतात. तू ये. पेपरचं बघू नंतर."

त्याच संध्याकाळी महेंद्र तिला मुंबईच्या विमानतळावर पोचवायला निघाला. शब्द मोडू नको म्हणणारा तोच. पण तिकिटासाठी दिवसभर फोनवर तोच बसला होता. आबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. राजश्री दारात उभी होती. ओला तिच्या शेजारून गेली, तिच्याशी बोलली नाही. हे मला दुसऱ्या दिवशी कळलं, राजश्री रिकाम्या खोलीत येऊन सम्राटला सांगत होती तेव्हा.

त्यानंतरचे दिवस मी फरशीवर, कोपऱ्यात पडून काढले. तिकडून येणाऱ्या बातम्या खिडकीपाशीच यायच्या. ओला पोचली. जादेकनी तिला ओळखलं. डाव्या हातानं तिचा हात धरला, तो तास दीड तास सोडला नाही. एक दिवस ओलानं दवाखान्यातूनच फोन लावला आणि आबांना बोलवायला सांगितलं. आबा वर आले. फोनमध्ये उशीवर टेकलेला म्हातारा होता, डोक्यावर टोपी नव्हती. आबांनी हात जोडले. मग स्वतःच्या डोक्यावरची गांधी टोपी त्यांनी दोन बोटांनी उचलली आणि परत ठेवली. पलीकडं तोंडाचा एकच कोपरा हसला.

ओला पोचल्यापासून नवव्या दिवशी जादेक गेले.

सम्राटचा फोन आला तेव्हा तिकडं बर्फ पडत होता. तो काळा कोट घालून उभा होता. कोट ओलाच्या वडिलांचा, त्याला ढगळ होत होता. "मम्मी," तो म्हणाला, "इथं चार माणसं पेटी उचलतात. ओलाची आई म्हणाली, तू शेवटपर्यंत होतास, तूपण धर. मी खांदा दिला."

राजश्री तोंडाला पदर लावून रडली. महेंद्र तिच्याशेजारी बसून राहिला.

ओलाच्या आईनं पुढं राजश्रीला एक निरोप धाडला होता, सम्राटनं तो वाचून दाखवला. त्यात आभार नव्हते. लिहिलं होतं, 'तुम्ही शब्द मोडलात याचा मला राग आला होता. आता नाही.'

मित्रांनो, ओला परत येईल असं कोणी धरलं नव्हतं. पण जानेवारीच्या मधोमध ती आली. दोन पेपर राहिले होते, कारखान्याचा हंगाम चालू होता आणि शिक्षण अर्धं टाकायचं नाही असं तिनं ठरवलं होतं. ती वर आली, बॅग ठेवली, आणि कोपऱ्यात मला पाहिलं.

"हा मी पाडला?" तिनं विचारलं.

"पडला. ऱ्हाऊ दे, जुनाच हाय," राजश्री म्हणाली. तिला घाबरल्यासारखं झालं होतं. दोघींत अजून सरळ बोलणं झालं नव्हतं.

"दुरुस्त होईल?"

दुसऱ्या दिवशी त्या दोघी मला स्कूटीवर घालून केडगावला घेऊन गेल्या. स्टेशनाजवळ कोंडिबाचं मोटार आणि पंखे दुरुस्तीचं दुकान आहे. त्यानं मला उलटं केलं, पोट उघडलं, आणि म्हणाला, "वाइंडिंग शाबूत हाय. पन ह्यो गिअर आता मिळत न्हाई. वारं येईल. मान काय फिरनार न्हाई."

त्याचं काम चालू असताना दोघी बाकड्यावर बसल्या होत्या. एक गाडी आली, गेली. मग ओलाच बोलली.

"मावशी, मला राग खोटं बोलल्याचा नव्हता. माझी आईपण बोलली, सम्राटपण बोलला. राग त्या पोळीचा होता. मी तीन खाल्ल्या. खूप आवडल्या. आणि तेव्हा जादेक तिकडं पडून होते. मला माहीत असतं तर मी आनंदानं खाल्लं नसतं ना. माझं दुःख तुम्ही मला दिलं नाही."

राजश्री बराच वेळ हातातल्या पिशवीचा बंद गुंडाळत राहिली.

"मला वाटलं, पोर परकी, घर परकं, एकटी कशी सोसंल. म्हनून दडवलं. आन् खरं सांगू का, मला माझीबी भीती वाटली. तुला रडताना कसं बघू, ही. तुझ्यासाठी कमी आन् माझ्यासाठीच जास्त दडवलं मी."

ओलानं तिच्याकडं पाहिलं. मग तिच्या हातातली पिशवी आपल्याकडं घेतली, कारण ती पिशवी जड होती आणि राजश्रीनं उगाचच मांडीवर धरली होती.

त्यानंतर सगळं गोडीगुलाबीचं झालं असं समजू नका. सहाच्या नियमावरून त्या परत भांडल्या. ओलाला कधी कधी भर दुपारी रडू यायचं, तेव्हा राजश्री वर यायची आणि गप्प बसायची. डोळे पुस म्हणायची नाही, खायला काही आणायची नाही. राहिलेले दोन्ही पेपर ओलानं दिले आणि ती पास झाली. जूनमध्ये ती गेली. जाताना राजश्री तिला म्हणाली, "पोचलीस की फोन कर. बरं असलं तरी सांग, आन् बरं नसलं तरी तसंच सांग."

मित्रांनो, आमची जात बोलणारी नाही, म्हणून एक मागणं तुमच्यापाशीच करतो. घरात माझ्यासारखं कोणी जुनं असेल तर वर्षातून एकदा त्याची धूळ पुसा, तेलाचे दोन थेंब सोडा. ते अजून कामाचं असतं. आणि उद्या दूरवरून शिकायला आलेलं कोणी तुमच्या घरात राहिलं, तर त्याला मायेनं जेवायला घाला, उकडलं तर वारा घाला. पण जे दुःख त्याचं आहे ते त्याच्यापासून दडवू नका. त्याच्याजवळ जाऊन बसा, आणि ते त्याच्या हातात द्या.